नाक्याच्या अलीकडं आणि पलीकडं

अप्पा, सोलापुरात आमच्या घरी तुम्ही एकदाच आलात, माझ्या लग्नानंतरच्या दिवाळीत. मी तुम्हाला नळ दाखवला, विजेचा दिवा दाखवला. गिरणीचा भोंगा झाला तसे तुम्ही ताटावर दचकलात आणि म्हणालात, "इथं माणसं भोंग्यावर उठतेत, भोंग्यावर जेवतेत. आमच्या मोगलाईत बरं हाय बाई. पाण्याला चव हाय, शेजाऱ्याला नाव हाय." मी हट्टानं दवाखाना, मुलींची शाळा असं एकेक सांगत राहिले. तुम्ही नुसते हसत होतात. आपलं ते भांडण तेव्हा गोड होतं.

मग इंग्रज गेले आणि सोलापूर एका देशात, आपलं निंबर्गा निजामाच्या मोगलाईत, दुसऱ्याच देशात, असं होऊन बसलं. पुढच्या उन्हाळ्यात मी तुम्हा दोघा आईबापांना न्यायला आले. सरहद्दीच्या नाक्यावर निजामाच्या बंदूकवाल्यांनी माझं गाठोडं उपसलं. अव्वासाठी घेतलेलं लुगडं बोटावर धरून एकानं विचारलं, "वापस कब जाते?" गावात शिरले तर भर दुपारी दारं लावलेली. विहिरीवर बायका होत्या, पण बोलत कोणीच नव्हतं. घरात अव्वा चुलीपुढं बसलेली. भाकरी थापल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हळू थापते आहे. रस्त्यावर कोणी खाकरलं की तिचा हात परातीतच थांबतो.

शेजारचे पिंजारीचाचा, ज्यांनी माझ्या लग्नातल्या गाद्या भरल्या होत्या, ते परसातल्या दारानं आत आले आणि तुम्हाला म्हणाले, "अण्णा, बेटी के साथ निकल जाव. चावडी पे तुम्हारा नाम लिये."

"कामून? मी कुणाचं काय केलो?"

"बेटी उधर की है, बोलते."

चाचा पाणीसुद्धा न पिता गेले. तुम्ही परसातल्या दाराला कडी घातलीत. मग मला म्हणालात, "अव्वाला दवाखान्यात न्यायलेय, असं सांग नाक्यावर. तुमच्या मुलखातले दवाखाने तेवढे तरी कामाला येऊ दे."

"आन् तुम्ही?" अव्वानं विचारलं.

"पेरणी झाली की येतो."

पाऊस आला, तुम्ही आला नाहीत. हिंदुस्थानच्या फौजा मोगलाईत शिरल्यावर आम्ही परतलो, तर दार उघडं आणि चूल पावसानं ढासळलेली. पेरणीच्या आधीच तुम्हाला चावडीवर बोलावून नेलं होतं, एवढंच लोक जमिनीकडं बघत सांगत. कोणी नेलं, ते चाचांना ठाऊक असणार होतं. पण फौजा आल्यानंतर चाचांचंही घर कोणीतरी पेटवलं होतं. जळक्या कापसाचा वास अजून गेला नव्हता. चाचा कुठं आहेत म्हणून विचारलं, तेव्हाही लोक जमिनीकडंच बघत राहिले.

आता दोन्ही गावं एकाच देशात आहेत. नाका कुठं होता, ते एसटीच्या ड्रायव्हरलाही माहीत नाही. नातवंडं विचारतात, आजी, तेव्हा कुठं बरं होतं गं? मी सोलापूर म्हणते. दिवा होता, नळ होता, निवांत झोप होती. झोपेचं खोटं सांगते.

हे पत्र कुठं टाकायचं, अप्पा? पेटीतच राहील. अव्वा मरेपर्यंत म्हणत राहिली, पेरणीच्या नादानं घात केला. मी कधी तिला खरं सांगितलं नाही. आम्ही निघालो त्या दिवशी गाडी जुंपल्यावर जू सारखं करायचं निमित्त काढून तुम्ही माझ्याजवळ आला होतात आणि हळूच म्हणालात, "तिघं निघालो तर वाटेत गाठतेत. मी ओट्यावर सगळ्यांना दिसत बसतो, तोवर तुम्ही जावा."