बर्फाखालचा चिखल

१७ मे, शनिवार

परत तेच सूप! मामा म्हणतो, मेंढीचं आहे. मेंढी पातेल्याशेजारून चालत गेली असेल फार तर.

हिमनदीवर तंबू ठोकून झाले. आम्ही चौघं. मी. गिस्सुरमामा — आईचा भाऊ, सुरुंगवाला, आयुष्यभर कानाशी धडाम्‌धुडुम् करून आता निम्म्याहून अधिक बहिरा. सोलरून — ही मोहीम तिची. आणि नॉर्वेचा टोर्गेर — ह्याचे दात मंजनाच्या जाहिरातीतून पळून आलेत.

माझं काम काय? बर्फावरची स्कूटर हाकायची, बर्फात भोकं पाडायची, कॉफी उकळायची, आणि आपण सोलरूनकडे बघत नाही असं दाखवायचं. शेवटचं काम सगळ्यात जड.

१८ मे, रविवार

सोलरूनला चिखल हवाय. खरंच. बाकीच्या मुलींना काय काय हवं असतं, हिला चारशे मीटर बर्फाखाली चिखल हवाय.

तिचं म्हणणं, ही हिमनदी ओल्या चिखलावर बसलीय आणि त्यावरून घसरतेय. रेक्याविकमधले तिचे सर म्हणतात, खाली खडक आहे, उगाच डोकं चालवू नकोस. कोण खरं ते कळायला सुरुंग उडवायचा. आवाज खाली जातो, तळाला आपटतो, वर येतो. वर आम्ही बर्फात यंत्रं पुरून ठेवतो — त्यांना ‘कान’ म्हणतो, दिसतात मुठीएवढी, मान मात्र पाहुण्यांचा. पडद्यावरची रेघ आधी वर उडाली तर खडक. आधी खाली बुडाली तर चिखल.

चिखल निघाला तर सोलरून पुढच्या संशोधनाला चार वर्षं ट्रॉम्सोला. टोर्गेरच्या दातांच्या गावी.

देवा, खडक काढ. मोठ्ठा. काळाकुट्ट.

मी कॉलेजात राहिलो असतो तर मीही आज कुणीतरी असतो, असं आई म्हणते. दुसऱ्या वर्षी सरांनी सगळ्या वर्गासमोर मला गाढव म्हटलं, मी दगडांच्या नमुन्यातला एक दगड त्यांच्या दिशेने फेकला आणि निघून आलो. लागला नाही. नेम वाईट. भूशास्त्राचं माझं शिक्षण तेवढंच.

ठरवलंय — मोहीम संपायच्या आत बोलायचं तिच्याशी. सरळ. ‘जाऊ नकोस’ असं नाही, तसं म्हणायला मी कोण! पण बोलायचं.

१९ मे, सोमवार

आज तंबूंच्या रांगेशेजारीच कानांची माळ पुरली, यंत्र तपासायला. मामाचा तंबू एका टोकाला (त्यातच मी), सोलरूनचा दुसऱ्या टोकाला, मध्ये स्वयंपाकाचा (त्यातच टोर्गेर).

सुरुंगाचा नियम एकच — मामा हात वर करतो, मग कुणी हलायचं नाही. खाजवायचं नाही. पाय बदलायचा नाही. बूट हलला की कानांना तो सुरुंगाहून मोठा ऐकू येतो. नाकावर थेंब आला तर येऊ द्यायचा. आज टोर्गेरच्या नाकावर लोंबत होता. मला फार समाधान वाटलं.

नंतर पडद्याभोवती जमलो. मधल्या वेळात कोण कुठे चाललं ते सगळं उमटलेलं!

‘हे पिंप कोण गडगडत नेतंय?’ टोर्गेर म्हणाला.

‘ते मी आहे,’ मामा. स्वतःबद्दलचं मात्र त्याला बरोबर ऐकू येतं.

‘आणि हा केटिल,’ सोलरून म्हणाली. ‘बघा, बर्फाशी भांडण असल्यासारखा चालतो.’ केटिल म्हणजे मी. माझं चालणं ओळखते ती!

तिचं तर शेंबडं पोरही ओळखेल. ठक — टिक. ठक — टिक. शरदात मेंढ्या डोंगरावरून खाली आणताना घोडा तिच्या पायावर बसला होता, तेव्हापासून. पळू शकत नाही. तरी पुढच्या शरदात परत घोड्यावर होतीच.

रात्रीच्या जेवणाला सुका मासा न् लोणी. म्हटलं, माझ्या खाऱ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या संपल्या, आता जगून काय उपयोग? ती हसली. माझ्याकडे बघून! टोर्गेरकडे नाही!

२० मे, मंगळवार

धुकं.

२१ मे, बुधवार

धुकं. स्वतःचा हात दिसत नाही. सुरुंग बंद. कुठेही जायचं तर तंबूंना बांधलेला दोर धरून. कानांची माळ आहे तिथेच, दिवसरात्र चालू — सोलरूनला हिमनदीची स्वतःची करकर ऐकायचीय. मामाला म्हटलं, तुझं घोरणं ऐकेल ती. तो म्हणाला, ‘पाव? नको, पोट भरलंय.’

२२ मे, गुरुवार

अजून धुकं. चिडलोय.

दुपारी दोर धरून कॉफी आणायला निघालो. म्हटलं, ती एकटी असली तर आजच बोलून टाकू. वाक्य पाठ केलं होतं. स्वयंपाकाच्या तंबूपाशी पोचलो तर आतून ती खिदळतेय, आणि तो दातवाला तिला नॉर्वेजियन शिव्या शिकवतोय! बाहेर उभा राहिलो मूर्खासारखा. मग कॉफीशिवाय परत.

मामा म्हणाला, ‘कॉफी कुठंय?’

‘तुझ्या त्या सोलरूनला विचार!’

‘काय? सोलरूनला काय झालं?’

बहिऱ्याशी मनातलं बोलायचं म्हणजे गावजेवणाची दवंडी. ओरडून सांगितलं. ‘म्हटलं, जाऊ दे तिला ट्रॉम्सोला! एकदाची पीडा टळेल!’

‘मला वाटलं, तुला ती आवडते.’

‘ती? ती लंगडी? फुकट दिली तरी नको!’

मामा म्हणाला, ‘हे मला ऐकू आलं नसतं तर बरं होतं.’

मलाही. पण बोललो तर बोललो. मनात नव्हतं. तोंडात होतं फक्त. रागात माझ्या तोंडाचा आणि माझा संबंध तुटतो.

२३ मे, शुक्रवार

धुकं गेलं. लख्ख ऊन, सगळीकडे पांढरं पांढरं. आमच्या तंबूच्या दाराशी बर्फात खाऱ्या ज्येष्ठमधाचं पाकीट पडलेलं, न फोडलेलं. माझंच आवडतं! ‘कुणाचंय?’ म्हणेपर्यंत मामाने अर्धं संपवलं. म्हणाला, ‘धुक्याने दिलंय.’

सोलरून सकाळपासून माझ्याशी फक्त कामापुरतं. ‘भोक इथे. दोर तिथे.’ बघतही नाही. का? दातवाल्याने काय भरवलं असेल देव जाणे.

दोनच सुरुंग उरलेले. दुपारी पहिला. मामाने हात वर केला. सगळे पुतळे. आणि त्या शांततेत टोर्गेरने — हलायचं नसतं हे ह्याला कोण सांगणार! — हळूच हात लांबवून तिची लोकरी टोपी कानांवरून खाली ओढली. थंडी वाजत असेल म्हणून! आणि ती हलली नाही. नियमच आहे ना, हलायचं नाही. मला मात्र ते दिसलं आणि शेजारच्या रिकाम्या डब्याला माझा पाय लागला. लागला म्हणजे — मी मारला. सगळ्या ताकदीने. नेमका त्याच क्षणी धडाम्!

पडद्यावर काय? माझा बूट. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझा बूट. हिमनदीच्या पोटात काय आहे ते कुणालाच कळलं नाही. माझ्या पोटात काय आहे ते सगळ्यांना कळलं.

वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, ‘खाली जा, केटिल.’ एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी ओरडलो मग. काय काय ते लिहीत नाही. टोर्गेर मध्ये पडला, म्हणाला, ‘अरे मित्रा —’ मी म्हटलं, मित्र असशील तुझ्या आयशीचा.

मामाने स्कूटरवर घालून खाली झोपडीत आणून सोडलं.

२४ मे, शनिवार

झोपडीत एकटा. खिडकीतून हिमनदीचं नाक दिसतं. मळकट.

संध्याकाळी मामा खाली आला. शेवटचा सुरुंग नीट उडाला. सगळे पुतळ्यासारखे उभे होते म्हणे. (टोमणा कळला.) रेघ आधी खाली बुडाली. स्वच्छ. शंकाच नाही. चिखल!

ती जिंकली. तिचे सर तोंडावर आपटले. रागवायचा प्रयत्न केला, पण छातीत आनंदच झाला. मग ट्रॉम्सो आठवलं.

सोमवारी सकाळी पलीकडच्या बाजूने बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी येणार आणि त्या दोघांना तिकडूनच घेऊन जाणार. म्हणजे इकडे उतरायचीच नाही ती.

मामाने माझ्यापुढे संगणक ठेवला. धुक्याच्या दिवसांत कानांनी जे ऐकलं ते सगळं त्यात. सोलरूनचा निरोप — ‘त्याला सांग, माणसांच्या पावलांचा गोंगाट खुणा करून वेगळा काढ. एवढं तरी कर. आणि सुरुवात गुरुवारपासून.’

‘गुरुवारच का?’

‘काय?’

‘गुरुवारच का म्हणतो!’

‘मला काय माहीत. तिने दोनदा सांगितलं.’

उद्या बघू. मी काय तिचा नोकर आहे?

२५ मे, रविवार

बसलो शेवटी कामाला. मामा जेवून आडवा झालाय.

गुरुवार दुपार. हा मी, कॉफीला निघालेला. बर्फाशी भांडतच. मध्ये थांबलो — हां, तो मूर्ख तिथे उभाय. आणि हा मी परत. दोन्ही वेळा खूण केली. गोंगाट.

मग काही नाही. हिमनदीची करकर.

मग स्वयंपाकाच्या तंबूतून कुणीतरी बाहेर पडलं. एका कानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, आमच्या बाजूला येत. ठक — टिक. ठक — टिक. सावकाश. धुक्यात, दोर धरून. आमच्या दारापर्यंत.

थांबली.

ज्येष्ठमध.

यंत्राच्या कानांना बोलणं ऐकू येत नाही, फक्त पावलं. तिच्या कानांना येतं. आणि मी तर बहिऱ्यासाठी ओरडत होतो.

परत जाताना ठक-टिक नाही. ठकठकठकठक — धडपड — ठकठकठक. त्या पायाने पळाली.

ह्याला गोंगाट म्हणून खूण करायची? नाही केली.

उद्या सकाळी तिची गाडी. स्कूटरची किल्ली मामाच्या खिशात. मामा घोरतोय. ह्याला हाका मारून उपयोग नाही, गदागदा हलवतो.