खाष्ट सासूच्या चिठ्ठ्या

प्रिय आत्याबाई,

सासूला ‘प्रिय’ लिहायची आपल्याकडे रीत नाही, ठाऊक आहे मला. पण तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता ओरडायलाही तुम्ही इथे नाही, म्हणून लिहून टाकलं! आज आखाजी, अक्षय्य तृतीया. तुम्ही गेल्यानंतरची, तुमच्या नावाची पहिली घागर भरली. वर डांगराचं फळ ठेवलं, आंबा ठेवला. साखर रेशनची, म्हणून सांजोऱ्यांत गूळ घातला. चालेल ना?

पण पत्र त्यासाठी नाही. दुपारी निंबाखालच्या झोक्यावर पोरींनी एका खाष्ट बाईच्या नावानं गाणं म्हटलं, आणि या वेळी ते नाव तुमचं नव्हतं. हे तुम्हाला कळवल्याशिवाय मला राहवेना.

ती बारा वर्षांपूर्वीची आखाजी आठवते? धुळ्यात मुलींच्या शाळेत एक बाई नेमायची होती. माझी मराठी सातवी झालेली, पण थोडं इंग्रजी यायला हवं अशी अट होती, आणि परीक्षा आखाजीनंतर चौथ्याच दिवशी. तुमचे चिरंजीव तेव्हा जळगावच्या एका कापसाच्या जिनात कारकून, रविवारी घरी यायचे. येताना रुईच्या गाठींना बांधायच्या कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन आले आणि एकेकीवर एकेक शब्द लिहून दिला, पाठीमागे अर्थ. दोनशे शब्द! एक डोक्यात शिरला की दुसरा बाहेर पडायचा. परीक्षेचं आपल्या तिघांशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. नापास झाले असते तर गल्लीनं वर्षभर हसून घेतलं असतं.

तेवढ्यात चाळीसगावाकडून माझा भाऊ मला आखाजीच्या माहेरपणाला न्यायला आला. मी लुगडी बांधून तयार! माहेरीही वाचता येईल, असं स्वतःला समजावलं होतं. खोटंच की. झोका सोडून कोण वाचणार होतं? तुम्ही मात्र ओट्यावर उभ्या राहून, चार घरं ऐकतील अशा आवाजात म्हणालात, “बिबडा कराना शेतस. मी यंदा सूनले धाडत नही.”

आखाजीला सून अडवून ठेवायची, तीही बिबड्यांसाठी, ज्वारीच्या पापडांसाठी! भाऊ खाली मान घालून परत गेला. समोरच्या अक्कांनी कपाळाला हात लावला. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, भाकरी थापताना राग सगळा परातीवर काढला. तुम्ही एवढंच म्हणालात, “परातनं काय चुकनं वं?” मला तेव्हा तुमचा फार राग आला होता, आत्याबाई. मनात नाही नाही ते बोलले. त्याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी माजघरात आले, तर तुम्ही माझ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून बसलेल्या. वाटलं, आता चुलीत घालणार. पण तुम्ही त्या निवडत होतात! तरुणपणी जिनात कापूस निवडायला जायचात ना, चांगला एकीकडे, किडकी कवडी एकीकडे, तशाच बोटांनी. अक्षर एक ओळखत नव्हतात, पण डोळा पक्का. ज्यांच्या अंगावर सारखी अक्षरं, त्यांचा एक ढीग.

“ह्या बठ्ठा एक घरना शेतस,” सगळ्यांना एकाच घरचं ठरवून तुम्ही म्हणालात. “आते यास्ना अर्थ सांग.”

शेपटीला आय-जी-एच-टी असलेला तो ढीग. मी गाल फुगवूनच सांगायला लागले. लाइट म्हणजे उजेड, नाइट म्हणजे रात्र, राइट म्हणजे बरोबर, फाइट म्हणजे भांडण, साइट म्हणजे नजर. तुम्ही पहिल्या अक्षराला नावं देत गेलात. काठीवाला तो उजेड, कमानवाली ती रात्र, नागोबा ती नजर, आणि वाकलेली म्हातारी ते भांडण! तिथे मला हसू फुटलं आणि अबोला संपला. एट म्हणजे आठ आणि वेट म्हणजे वजन, हे तुम्ही त्याच ढिगात घातलेलं. मी म्हटलं, “आत्याबाई, यांचा उच्चार वेगळा आहे.” तर म्हणालात, “एक मायन्या दोन पोरी, त्यास्ना आवाज तरी सारखा ऱ्हास का?”

मधे ए-यू-जी-एच असलेल्या चिठ्ठ्यांचा एक छोटा ढीग तुम्ही मांडीजवळ ठेवला होता. टॉट म्हणजे शिकवलं, कॉट म्हणजे पकडलं, नॉटी म्हणजे वांड, डॉटर म्हणजे लेक. अर्थ ऐकून तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “हाई तर तुनंच घर शे!” आठवतं?

त्या आठवड्यात घरातलं एक काम तुम्ही मला करू दिलं नाहीत. आणि बिबड्यांची ज्वारी? ती भिजत घातलीच नव्हती! रिकामं पातेलं पाहिलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, तर म्हणालात, “नापास व्हयनी ते कोन्हाले कळाव नही. सासूनी धाडं नही, एवढंच गल्लीले म्हाईत ऱ्हाऊ दे. सासू खाष्ट ऱ्हासच, मन्हं काय जास?”

परीक्षेत शब्द अडला की मी डोळे मिटून तुमचे ढीग आठवत होते. पास झाले, शाळेत लागले. म्हटलं, आता तरी गल्लीला खरं सांगू. तर तुम्ही मलाच दटावलंत, “गप बस. उद्या दुसरी कोन्ही सून परीक्षाले बसनी, तर हाऊ बहाना तिना काममा येई.” मग पोरी दर आखाजीला तुमच्या नावानं गाणी म्हणायच्या आणि तुम्ही दारात बसून, पदराआड हसत ऐकायचात.

माझी एक तक्रार मात्र राहिली. बारा वर्षं शाळेत शिकवलं, आणि तुम्हाला स्वतःचं नाव लिहायला शिकवायचं राहून गेलं. म्हटलं की “माले वाचता येत नही, निवडता येस” म्हणून उडवून लावायचात. मी हट्ट का धरला नाही?

तर आजची बातमी. आपल्या मागच्या खोलीत इंदू राहायला आली आहे. नवी सून, घरात मोठं माणूस कुणी नाही, म्हणून विचारायचं ते मला विचारतात. तिचीही अशीच गुपचूप इंग्रजीची परीक्षा याच आठवड्यात आहे, आणि परवा तिचा भाऊ रावेरहून न्यायला आला. इंदू रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती. मी ओट्यावर गेले, आवाज चढवला आणि म्हटलं, “माझे बिबडे करायचे आहेत. ही यंदा यायची नाही!”

आत्याबाई, साऱ्या गल्लीसमोर ओरडायची मला भीती वाटली हो! तुम्हाला नव्हती का वाटली? कधी बोलला नाहीत.

आज झोक्यावर माझं नाव ऐकलं आणि फार बरं वाटलं. इंदू माजघरात तुमच्या चिठ्ठ्या पसरून बसली आहे. कडा झिजल्या आहेत, पण ढीग अजून तसेच लागतात.

मी गल्लीत कुणालाही खरं सांगणार नाही, हा शब्द देते. तुमचं खाष्टपण मी पुसून काढणार नाही, पुढे चालवीन. आणि कुणी विचारलं की हे कुणाकडून शिकलीस, तर मान ताठ ठेवून तुमचंच नाव सांगेन.

तुम्ही मांडीजवळ ठेवलेल्या ढिगातली,
तुमची लेक
शांता