हं, बोला

बिद्री, ४ मे १९९८

प्रिय विमलाताई,

तुम्ही मला कधी पाहिलं नाही, पण माझा आवाज ओळखाल. बिद्रीच्या एसटीडी बूथवरची मीना मी. रोज संध्याकाळी सहाला नंबर फिरवून "मास्तर बोलतायत, घ्या" म्हणायची, ती. तुम्ही "हॅलो" कधी म्हणाला नाहीत. "हं, बोला," म्हणायचात, जणू मास्तर शेजारच्या खोलीतच आहेत. मग मी रिसीव्हर नृसिंह मास्तरांकडे देऊन काचेबाहेर बसायची. इथल्या शाळेसाठी आठवडाभर खोली करून राहणारा माणूस कोल्हापुरातल्या बायकोशी रोज बोलतो तरी काय, याची मला भारी उत्सुकता. खोटं कशाला सांगू, हेवाही वाटायचा. पोलिओच्या पायामुळं मला बूथ मिळाला, स्थळ काही मिळालं नाही.

तुम्ही गेल्यावर महिनाभर मास्तर फिरकले नाहीत. मग एका सोमवारी सहाला आले आणि तोच नंबर सांगितला. मी फिरवला. तुमच्या कुलूपबंद घरात घंटी वाजत राहिली आणि ती आपोआप तुटेपर्यंत ते रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. "लागत न्हाय," म्हणाले आणि गेले. पलीकडे उचलल्याशिवाय मीटर पडत नाही, त्यामुळं लाल आकडे शून्यावरच. असं दोन वर्षं, ताई. भाकऱ्या थापतानाही मला ती घंटी ऐकू यायची. माझे वडील आण्णा म्हणायचे, "त्यास्नी सांग की, आता पुरं." मला सांगवलं नाही. त्याऐवजी मी चहा द्यायला लागले. चहाबरोबर बोलणं आलं, कधी हसणंही. हसले की मास्तर लगेच घड्याळाकडे बघायचे.

मार्चमध्ये त्यांनी मला मागणी घातली. म्हणजे, कोल्हापूरच्या घराची जादा किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "सवडीनं घर बघून या. तिथं राहवंल असं वाटलं, तर सांगा." छत्तीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. रात्रंदिवस हो म्हणावंसं वाटत होतं, आणि भीती वाटत होती ती तुमची. ज्या घरात रोज तुमच्यासाठी फोन वाजतो, तिथं मी कुठं बसायचं?

एका गुरुवारी मास्तरांना न सांगता, आण्णांना बूथवर बसवून, मी एसटीनं गेले. घर स्वच्छ होतं. फोनशेजारी तुमचा चष्मा, काड्या उघड्याच, आत्ता काढून ठेवल्यासारखा. मी कशाला हात लावला नाही. पाय दुखायला लागला म्हणून फक्त खुर्चीत टेकले, आणि फोन वाजला. सहा वाजलेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दोन वर्षं दुसऱ्या टोकाला ऐकलेली ती घंटी इथं केवढी मोठी वाजते! मला सोसेना. उचलला. तोंडातून गेलं, "हं, बोला." ठरवून नव्हतं म्हटलं, शपथ.

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग मास्तर बोलायला लागले. शाळेचं, दुखऱ्या गुडघ्याचं, शेवटी माझं. "पायानं अधू हाय, पण तोंडानं तिखट हाय बघ. तुला आवडली असती. आणू का तिला?" मी तोंडावर पदर दाबून बसले. पुढं एक शब्द बोलले नाही. थोड्या वेळानं त्यांनीच फोन ठेवला. मी परतले तर आण्णा दारातच. "आज मास्तरांचा फोन लागला. अकरा मिनिटं मीटर पडलं. कुणासंगं बोललं गं?"

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, पण नंबर सांगितला नाही. काउंटरशी उभं राहून म्हणाले, "मीनाबाई, विमलला विचारलं. म्हणाली, आणा की. आणि तिला सांगा, न्हाणीचं दार जरा उचलून लावायचं, न्हाईतर कडी बसत न्हाय."

उद्या आमचं रजिस्टर लग्न आहे. त्याआधी तुमची माफी मागायची म्हणून हे लिहिलं, फोनखालच्या खणात ठेवीन. तुमच्या जागी "हं" म्हटलं ते मी. पण "आणा की" मी म्हटलं नाही, ताई, आणि दाराचं तर मला ठाऊकही नव्हतं. मास्तरांनी माझा आवाज ओळखून, मला अवघड वाटू नये म्हणून हे रचलं असेल, तर अशा माणसाबरोबर मी सुखानं राहीन. आणि तुम्हीच म्हणाला असाल, तर तुमच्याबरोबरही राहीन. त्यांना मी कधी विचारणार नाही. चष्मा आणि फोन आहेत तिथंच राहतील. काल सामान टाकायला गेले, तेव्हा न्हाणीचं दार लावून पाहिलं. उचलूनच लागतं.

तुमचीच धाकटी,
मीना