कारभाऱ्याला काही नाही

मी, मुंजाबा सांडू निकम, वय ७६, मूळ गाव पिशोर, हल्ली राहणार छावणी, औरंगाबाद, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, पुरत्या शुद्धीत लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझी मुलगी आवडा हिला विचाराल, तर ती वेगळं सांगेल.

१. पोलीस ॲक्शननंतर मी फौजेत भरती झालो, अठरा वर्षं काढली. मग मुंबईला जहाजांवर माल चढवायच्या कामाला लागलो आणि पुढं स्वतःचे दोन मालवाहू बार्ज घेतले. पिशोरच्या माणसानं समुद्रात धंदा केला, याचं लोकांना लई हसू यायचं. ते बार्ज आणि औरंगपुऱ्यातलं ऑफिस आवडाला. दहा वर्षं धंदा तीच चालवते, मी नुसता खुर्चीत बसून ओरडतो.

२. छावणीतलं घरही तिलाच. माझी पदकं भिंतीवर टांगू नयेत, ट्रंकेतच राहू द्यावीत.

३. पिशोरच्या शेतातला माझा हिस्सा पुतण्या बन्सीला.

४. बन्सीचा बाप, माझा धाकटा भाऊ कारभारी, याला काही नाही. पासष्टच्या लढाईत मी बेपत्ता असल्याची तार गावी आली. यानं मला मेलेलाच धरलं आणि नदीवर माझं दहावं घातलं. पिंडाला कावळा शिवेना. माझी बायको सुगंधा ओरडली, "कावळा शिवत नाय, म्हंजे माणूस जिता हाये!" यानं ऐकलं नाही. दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि मोकळा झाला. तिनं मात्र कुंकू पुसलं नाही. पाच महिन्यांनी मी कैदेतून सुटून आलो आणि याला म्हणालो, "तुझ्यापुरता मी मेलो ना? मग मेलोच." त्यानंतर अडतीस वर्षं त्याच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

गेल्या साली सुगंधा गेली. जाण्याआधी म्हणाली, "भावजी तवा ढसाढसा रडत व्हते. तुमचा जीव कुठं अडकू नये म्हणून घाई केली त्यांनी." हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ऐकून घेतलं असतं व्हय?" नसतं घेतलं. चूक माझी होती, हे इथं लिहून ठेवतो.

५. माझ्या दहाव्याला दर्भाचा कावळा करू नये, कितीही वेळ लागो. कारभाऱ्यानं पिंडासमोर उभं राहून "दादा, घरी चल" एवढं म्हणावं. माझी तेवढीच इच्छा राहिली आहे.

६. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. कारभाऱ्याला काही ठेवलं नाही ते एवढ्यासाठीच. सही करायला तरी माझ्या दारात येईल.

ठिकाण : छावणी, औरंगाबाद
दिनांक : ९ नोव्हेंबर २००३
सही : मुंजाबा सांडू निकम

आमच्यासमोर सही केली :
१. काकासाहेब पवार, शेजारी
२. कारभारी सांडू निकम

ता. क. कारभाऱ्यानं चष्मा दोनदा पुसून सगळं वाचलं. मग म्हणाला, "दादा, त्याला दहाव्याची वाट कशाला बघायची? जीप खाली उभी हाये. घरी चल."

कलम ५ रद्द समजावं. मी पिशोरला निघालो आहे.

मुं. सां. निकम