टेबलावरचा देवीचा फोटो

बाबा, आज तुमच्या नातीला ऑफिसात फिट आली. आता ती घरी झोपली आहे, श्वास संथ चालू आहे, म्हणून मला लिहायला सुचतंय. तुम्ही गेल्यावर झाली ती, तुम्ही तिला पाहिलं नाही. नाक तुमचं, आणि हे दुखणंही तुमचंच. आदिलाबादला बियाण्यांच्या एका ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बिलं करते.

तुम्ही भैंसा गावच्या जिनिंग मिलमध्ये काट्यावर होता, कापसाच्या गाड्या तोलायला. तुम्हाला फिट येते हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. बाहेर बोलायचं नाही, असा आईनं आम्हा भावंडांकडून देवापुढे शब्द घेतला होता. मग एक दिवस काट्यावरच पडलात. हमालांनी नाकाशी चप्पल धरली, मुठीत किल्ल्या कोंबल्या, दातांत चमचा घातला. त्यात एक दात गेला. मुकादम तुम्हाला घरी घेऊन आला आणि आईला म्हणाला, "वहिनी, यायले आता घरीच आराम करू द्या." वाईट माणूस नव्हता तो, पण पाणीही न पिता गेला. दुसऱ्या दिवशी आईनं नेहमीसारखा डबा भरला. तुम्ही मिलच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलात आणि आपल्याच ओट्यावर बसून तो खाल्लात. मी शाळेत निघाले होते, तुमच्याकडे पाहत थांबले. तुम्ही म्हणालात, "जाय बाई, उशीर होते." पुढे तुम्हाला कामावर कोणी बोलावलं नाही.

म्हणून पोरीला नोकरी लागली तेव्हा आईनं आम्हाला सांगितलं तेच मी तिला सांगितलं. बासरला नेलं, देवीची ओटी भरली, आणि पायरीवर बसून बजावलं की ऑफिसात ब्र काढायचा नाही. ती म्हणाली, "आई, मी पडली तं त्यायनं माह्या नाकाले चप्पल लावावी का?" आणि ऑफिसात सांगून मोकळी झाली. मी कितीतरी दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिच्या मॅडम तेलुगू आहेत. त्या तिला म्हणाल्या, फिट आली तर आम्ही काय करायचं ते तूच सगळ्यांना शिकव. हिनं तिथल्या म्हाताऱ्या शिपायाला, अटेंडरलाच, फरशीवर झोपवलं आणि माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. तो म्हणे, बेटी, पुढच्या बारीला सतरंजी तरी टाक. तिची खुर्ची जिन्याजवळून हलवली. झोप मोडली की फिट येते, म्हणून पेरणीच्या सीझनमध्ये रात्री थांबायचं काम तिला देत नाहीत. बदल्यात ती सकाळी सगळ्यांच्या आधी जाते. हे सगळं ती हौसेनं सांगायची आणि मी मनात म्हणायचे, अजून फिट पाहिली कुठं त्यांनी? पाहतील तेव्हा कळेल.

आज पाहिली. फोन आला तेव्हा मी देवाची भांडी घासत होते, तशीच निघाले. रिक्षात वाटभर त्या मुकादमाचं बोलणं कानात. पोचते तर पोर कुशीवर निजलेली, डोक्याखाली कोणाची तरी ओढणी. अटेंडर दारात उभा, कोणाला गर्दी करू देत नव्हता. मॅडम घड्याळ बघत तिच्याजवळ फरशीवरच बसल्या होत्या. चप्पल कोणाच्याच हातात नव्हती. हळूहळू पोरीनं डोळे उघडले, मला ओळखलं. मॅडमनी तिला उठवून तिच्या खुर्चीत बसवलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आज घर लेके जाओ, अम्मा," मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवली. तिच्या टेबलाशी गेले आणि पाण्याची बाटली, स्वेटर, बासरच्या देवीचा छोटा फोटो, सगळं पिशवीत भरायला लागले. मॅडमनी माझा हात धरला.

"ये सब कायकू भर रहे? कल-परसों ठीक लगा तो आएगी ना. फोटो रहने दो."

मी फोटो काढून परत टेबलावर ठेवला. सरळ काही उभा राहीना. पोरीनंच बसल्या जागेवरून नीट केला.

बाबा, हे मी किराण्याच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, टपालात कुठं टाकणार? एक सांगायचं राहिलं. आज एकादशी, माझा उपास. अटेंडरनं चहा आणला, सोबत बिस्किटं. मी ती सगळी खाल्ली, पोरीच्या बशीतलीसुद्धा. घरात अजून कोणाला बोलले नाही.