सांग तुझ्या आईला

४ मार्च

चिमटी गेली. काल संध्याकाळी, जनावरांच्या डॉक्टरांच्या टेबलावर. नुसता पट्टा घेऊन घरी आले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पट्टा बघितला आणि आत गेल्या. थोड्या वेळाने ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज आला — माझा चहा. प्यायले.

रडू आलं नाही. आमचा पहिला कुत्रा, ठोंब्या, गेला तेव्हाही आलं नव्हतं. पण तेव्हा चिमटीची औषधं, तिचं लंगडणं, तिचे नखरे — सवड कुठे होती? आता सवडच सवड आहे. तरी नाही.

५ मार्च

कामावर गेले. लॅबमध्ये कवळ्यांचा ढीग. दिवसभर मेणात दात बसवले. एका आजोबांचा डावा सुळा उजवीकडे लावून मोकळी झाले! मालकांनी कवळी पुढ्यात आणून ठेवली. मी दात काढून पुन्हा लावला. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, एवढं काय, दुसरं कुत्रं आण. मी हो म्हटलं. कोणी काहीही म्हटलं तरी हो म्हणते आहे सध्या.

६ मार्च

दूध उतू गेलं. आम्ही दोघी तिथेच होतो.

७ मार्च

दुधाचं लिहूनच टाकते. कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

ठोंब्याला मी आणलं तेव्हा तो पाडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात पोत्यात बांधलेला होता. कानाला जखम, अंगभर खरूज. सासूबाई दारात आडव्या आल्या. "हे कुत्रं या घरात राहणार असेल तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मी म्हटलं, नका बोलू. झालं! त्या शब्दाच्या पक्क्या, आणि मीही काही कमी नाही.

आठवडाभर घर चिडीचूप. मग एक दिवस मी अंघोळीला गेलेले असताना बाहेरून आवाज आला. सासूबाई ठोंब्याला म्हणत होत्या, सांग तुझ्या मालकिणीला, गॅस संपलाय. मी आतूनच ओरडले, ठोंब्या, त्यांना म्हणावं, नंबर लावलाय. तिथून जी सवय लागली ती लागलीच. वीज गेली, पाहुणे येणार, मीठ जास्त पडलं — सगळं ठोंब्यामार्फत. तो बिचारा दोघींच्या मध्ये बसून एकदा इकडे मान वळवायचा, एकदा तिकडे. माझा नवरा हसून हसून लोळायचा.

मग चिमटी आली. डॉक्टरांच्या दारात कोणीतरी सोडून गेलेली, एक पाय वाकडा. चिमटीएवढी होती म्हणून चिमटी. पुढे सोफा अडवण्याइतकी झाली. तोवर मालकीण जाऊन आई झालं होतं. "सांग तुझ्या आईला." कधी झालं ते कळलंच नाही. मग मीही म्हणायला लागले, जा, आजीला विचार. काल दूध वर येताना दोघींना दिसलं, पण सांगायचं कोणामार्फत?

९ मार्च

रविवार. चिमटीची गोधडी धुतली. वाळत घातली. सासूबाईंनी घडी करून पुन्हा तिच्याच कोपऱ्यात ठेवली.

मला काहीच वाटत नाही. दाताला भूल दिल्यावर गालाला हात लावला तर दुसऱ्याच्या गालासारखा लागतो, तसं झालंय. भूल उतरताना काय होतं तेही माहीत आहे. म्हणून न उतरलेलीच बरी.

१० मार्च

आज भाऊजींचा फोन. सासूबाईंचा थोरला. "आता कुत्री नाहीत, आईला अडकून राहायचं कारण नाही. रविवारी गाडी घेऊन येतो." मी बरं म्हटलं.

त्यांचंही चूक नाही. माझा नवरा दुसरीकडे राहायला गेला त्याला किती काळ लोटला! आईने थोरल्याकडे जावं हे सगळ्यांनी तेव्हाच धरलं होतं. तेव्हा सासूबाई जमिनीवर बसून ठोंब्याचे कान पुसत होत्या. माझ्याकडे न बघता त्याला म्हणाल्या, "माझा मुलगा नालायक निघाला, म्हणावं. पण तुझी आई दिवसभर कामावर. तुम्हाला कोण बघणार? मी कुठे जात नाही." भाऊजींनाही हेच कारण सांगितलं. ठोंब्या गेल्यावर चिमटीचं कारण होतं.

मला त्या जायला नको आहेत. हे इथे लिहिता येतं. घरात कोणापाशी म्हणू?

१२ मार्च

सासूबाईंनी कपाटातली लुगडी काढून पलंगावर मांडली. मग कोपऱ्यातल्या गोधडीपाशी गेल्या, सवयीने खाली वाकल्या, तोंड उघडलं — आणि मिटलं. मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

त्यांची अट होती, कुत्रं असेपर्यंत बोलणार नाही. आता कुत्रं नाही. म्हणजे बोलायला मोकळ्या. पण मला वाटतं त्यांना ते भारी पडतंय. आज तोंड उघडलं म्हणजे चिमटी गेली हे कबूल केल्यासारखं होईल. मलाही तसंच होतं.

१४ मार्च

सासूबाईंची खालची कवळी सैल झाली आहे. चिमटी गेल्यापासून जेवण नाही, गाल बसले. कवळी मीच केलेली. (तेव्हा निरोप आला होता — "टोचते, म्हणावं. दुसऱ्यांच्या बऱ्या होतात.") तिकडे गेल्यावर कोण करून देणार? म्हणून लॅबमधून माप घ्यायचं सामान आणलं. हे खरं दातांच्या डॉक्टरांचं काम, पण डॉक्टरांकडे त्या जायच्या नाहीत.

समोर स्टूल ठेवलं. त्या आपण होऊन बसल्या. पण "आ करा" कोणामार्फत सांगणार? सांगितलं. थेट. त्यांनी आ केला. गुलाबी लगदा भरलेला साचा आत दाबला आणि घट्ट होईपर्यंत हनुवटी धरून उभी राहिले. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. डाव्या भुवईत एक व्रण आहे.

राहा म्हणायला याच्याइतकी चांगली वेळ नव्हती. तोंड भरलेलं, नाही म्हणायची सोयच नाही! जिभेवर आलं होतं. पण त्यांना तिकडे नातवंडं आहेत, खालच्या मजल्यावर खोली आहे. इथे काय आहे? जिना आणि मी. साचा काढला. चूळ भरा म्हटलं. त्यांनी भरली.

१५ मार्च

कवळी झाली. घातली. त्यांनी आरशात बघून मान हलवली. टोचत नसावी.

पिशव्या दाराशी. मी लवकर आडवी झाले.

१६ मार्च

भाऊजी आले. पिशव्या घेऊन खाली गेले. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या, कठडा धरून. मी मागे. मग वळल्या. "अगं, नुसतं राहा म्हणायला तुझं काय जातं?"

माझ्याशी. मला!

राहा म्हटलं. पुढचं काही बोलताच येईना, पायरीवर बसून रडले — चिमटी, ठोंब्या, सगळं एकदमच. सासूबाई शेजारी बसल्या. त्याही रडत होत्या.

भाऊजींनी पिशव्या परत वर आणून ठेवल्या आणि एकटेच गेले.