दात शहाडच्या कौलावर

प्रिय कुंडलिक,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे ठीक आहोत. फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. पत्र मात्र कोणाचंही येवो, चष्मा शोधून शेवटपर्यंत वाचतोस. म्हणून हा उद्योग.

मी सध्या ठाण्याला विनिताकडे आहे. परवा माझ्या नातीचा, ऑलिव्हियाचा, पहिला दात पडला. इडली खाताना! तू तिला अजून पाहिलेलंसुद्धा नाहीस. रडली नाही रे, उलट आरशासमोर उभी राहून फटीतून फूफू करत बसली. विनिता सारखी तिला ओरडते, जीभ लावू नकोस, दात वाकडा येईल. अगदी तुझा सूर. मला आधी हसू आलं, मग डोळे भरले.

आमच्या डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर कौल कुठलं? विनिताचा दात पडला की काडेपेटीत घालून आम्ही रविवारी शहाडला तुझ्या घरी यायचो. तू तिला खांद्यावर घ्यायचास आणि ती उंदीरमामाला जुना घे, नवा दे, असं बजावून दात भिरकावायची. एकदा तो घरंगळत खाली आला आणि शालूकाकूंच्या कोंबडीने गट्ट केला. आता दात कोंबडीला येणार, मला नाही, म्हणून पोरीने गल्ली डोक्यावर घेतली. तू काय केलंस, तर कोंबडीच पकडून कौलावर ठेवलीस! शालूकाकू तुला शिव्या घालत होत्या आणि तू विनिताला सांगत होतास, दात पोचला, काम झालं.

इतका जीव लावणारा मामा तिच्या लग्नाला आला नाही. जावई नेविल ख्रिश्चन आहे, त्यांचं आपलं सगळं वेगळं, एवढंच तुझं म्हणणं. त्या दिवशी विनिता सारखी दाराकडे बघत होती. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

आता गंमत ऐक. मी दात कुंडीत पुरायला निघाले, तर नेविलच्या आईने, सेसिलियाबाईंनी, मला अडवलं. त्यांच्याकडेही दात कौलावरच टाकायचे म्हणे, आणि न्यायला उंदीरच यायचा! आम्ही दोघी विहिणी खूप हसलो. पण त्यांच्या जुन्या घराच्या जागी टॉवर झालाय, आणि इथल्या गच्चीला कायम कुलूप. दोन्ही घरांत मिळून कौलं उरलीत ती फक्त तुझी.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही सगळे येतोय. मामाला आवडणार नाही, असं विनिता म्हणत होती, पण काडेपेटी तिनेच रिकामी केली. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस, चहाही नको. नेविल चांगला उंच आहे, तो लेकीला उचलू शकतो. पण विनिताने तिला सांगून ठेवलंय की दात मामाआजोबांच्या खांद्यावर बसूनच टाकायचा, नाहीतर उंदीर घेत नाही. पोरीला तो नियमच वाटतोय. तेव्हा कंबर दुखतेय वगैरे सांगू नकोस.

तुझीच,
वासंतीताई